सीटखालचं लिंबू

मला गाडी लागते. हे एवढं एक वाक्य बोलायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि ज्या दिवशी बोललो त्या दिवशी कुणी विश्वास ठेवला नाही.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे यात लाजण्यासारखं काय ते कळेल. मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपचा सुपरवायझर. आमच्याकडे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट निघतात. मशिनं चालू असली की शेजारच्याने बोललेलं ऐकू येत नाही. माझं येतं. या टोकाला ओरडलो की त्या टोकाचा माणूस दचकतो. उंची आहे, मिशा आहेत, आणि रागाचं म्हणाल तर तो कायम नाकावर. कुणी हातमोजे न घालता मशिनपाशी दिसला की मी त्याच्या सात पिढ्या जाग्या करतो. अशा माणसाला गाडी लागते म्हणजे काय, तुम्हीच सांगा. लहान पोरांना लागते, नव्या नवरीला लागते. गाड्यांचे पार्ट बनवून पोट भरायचं आणि गाडीत बसलं की तेच पोट वर यायचं, हे कुणाला सांगायचं?

माझ्या लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी वाटेत थांबवावी लागली होती. एका हाताने मुंडावळ्या वर धरून मी बाभळीखाली ओकत होतो आणि करवली पाठ चोळत होती. वऱ्हाडाला सांगितलं की नवरदेव देवाच्या पाया पडायला उतरलाय. तिथे देऊळ नव्हतं. बीडकडची आमची माणसं आजही तो विषय निघाला की पदर तोंडाला लावतात.

कंपनीची बस होती तोवर माझं झाकून गेलं. बसमध्ये मला काही होत नाही. खिडकी उघडी, वारा तोंडावर, नाहीतर दाराशी उभं राहायचं. मग कंपनीने बस बंद केली. पगारात प्रवासाचे म्हणून काहीतरी चिकटवलं आणि बोर्डावर नोटीस लावली की सर्वांनी शक्यतो मिळून एका गाडीने यावं, रस्त्यावरची गर्दी कमी करावी. वा रे वा! मोटारसायकल माझी होती, पण नाशिक रोडवर एकदा एका डंपरने मला असं काही चाटून नेलं की बायकोने शपथ घालून ती विकायला लावली. राहिली पीएमपीची बस. ती चाकणच्या चौकापर्यंत नेते कशीबशी, पण तिथून आत एमआयडीसीत आमचं गेट कुठल्या कुठे. आठच्या शिफ्टला त्या हिशेबाने निघायचं तर कोंबड्यांच्या आधी उठावं लागतं.

तेव्हा परचेसमधल्या एकाने नवी गाडी घेतली होती. पिंपळे गुरवचा, मूळ गावातल्या घरचा, तरणाबांड माणूस. त्याने स्वतःहून सांगितलं, ‘दादा, मी रोज एकटाच जातो. गाडी रिकामी न्हेऊन काय करू? सीएनजीचं वाटून घेऊ.’ आम्ही त्याला चेष्टेने मालक म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं. मी पिंपळे सौदागरहून बसने नाशिक फाट्याला यायचो. अकाउंटमधले एक भाऊ मेट्रोने यायचे आणि तिथेच उतरायचे. दोघांना घेऊन गाडी भोसरीवरून मोशीला यायची. मोशीच्या बसस्टॉपवर स्टोअरच्या ताई उभ्या असायच्या, चिखलीहून पहिल्या मिळेल त्या बसने आलेल्या. मेट्रो जिथे सोडते आणि बस जिथे पोचत नाही, त्या मधल्या तुकड्यापुरती आमची ही चौघांची गाडी. चांगली सोय होती, खोटं का बोलू.

पण माझे हाल कुत्रा खात नव्हता. काचा बंद, एसी चालू, आणि मालकाने डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची एक डबी चिकटवलेली. मोगरा कसला, नुसता डोक्यात जाणारा गोडपणा. त्यात भोसरीपासूनचा ट्रॅफिक, दोन हात पुढे जायचं आणि ब्रेक. मी वयाने आणि हुद्द्याने मोठा, म्हणून पहिल्याच दिवशी न विचारता पुढच्या सीटवर बसलो आणि ती माझी झाली. ‘मला जरा मोकळी हवा लागते’ म्हणून काच बोटभर खाली. गोळी घेता येत नव्हती. गोळीने झोप येते आणि आमच्या मशिनपाशी पेंगणाऱ्याची बोटं राहत नाहीत. मग बायकोचे उपाय. पेपरच्या घडीवर बसायचं, म्हणजे गाडी लागत नाही म्हणतात. मालकाला वाटलं, दादा सीट मळू नये म्हणून पेपर टाकतात. तो दुसऱ्यांना सांगायचा, ‘शिका जरा दादांकडून.’ आणि खिशात लिंबू. बायको रोज सकाळी लिंबाला टाचणी टोचून द्यायची, टाचणी तशीच ठेवायची, म्हणजे भोक बुजत नाही आणि वास येत राहतो. मी मिशी कुरवाळतोय असं दाखवून लिंबू नाकाशी न्यायचो. असा प्रकार. प्रेस शॉपचा वाघ!

ताईंबद्दल सांगायला हवं. कुडाळकडच्या. स्टोअरमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होत्या. हातमोजे, कापड, ऑइल, सगळं त्यांच्याकडून घ्यायचं. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. कमावणाऱ्या त्या एकट्याच. मुलीला शाळेच्या रिक्षात बसवल्याशिवाय त्यांना घर सोडता यायचं नाही, म्हणून लवकरची बस त्यांच्या उपयोगाची नव्हती. आमची गाडी होती म्हणून त्या वेळेवर पोचत होत्या. हे त्यांनीच एकदा आम्हाला सांगितलं होतं, आभार मानल्यासारखं. एरवी गाडीत बोलायच्या नाहीत. मालकाच्या मागे खिडकीशी बसायच्या आणि बाहेर बघत राहायच्या. काही विचारलं तर मान हलवायच्या. पहिल्या दिवशी तेवढं एक बोलल्या होत्या, ‘गाडी काय सुंदर आहे हो!’ आणि नेमकी त्याच संध्याकाळी गाडी पंक्चर झाली.

दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला, मालकाच्या आईने अंगणात गाडी धुवायला काढली. पूजा करायची, झेंडू बांधायचा, तर आतूनही लख्ख पाहिजे. रबरी मॅट उचलली तर मागच्या सीटखालून लिंबू निघालं. वाळून तपकिरी झालेलं, टाचणी टोचलेलं. माझंच. कधीतरी खिशातून सटकलं असणार आणि ब्रेकच्या धक्क्यांनी मागे गेलं असणार. मी तेव्हा सीटखाली बराच हात घातला होता, मिळालं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, लिंबूच ते.

सणानंतर पहिल्या दिवशी नाशिक फाट्याहून निघालो. झेंडूची माळ अजून बोनेटवर होती. भोसरी ओलांडल्यावर मालक म्हणाला, ‘दादा, एक सांगू का? हसू नका. आईला गाडीत मागच्या सीटखाली लिंबू घावलं. टाचणी टोचलेलं.’

मिशीवरचा हात मी खिशात घातला.

‘टाचणी?’ मागून अकाउंटवाले म्हणाले. ‘मग ते साधं नाही, राव.’

‘आई तर म्हनली, ह्ये कुनीतरी मुद्दाम ठिवलंय. नवी गाडी कुनाच्या तरी डोळ्यात आलीय. तिनं मला शपथ घातलीय, त्या मानसाला पुन्हा गाडीत घ्यायचं न्हाई. माझा इस्वास न्हाई हो ह्या सगळ्यावर. पन आई जेवंना झालीय.’

‘मागे कुठल्या बाजूला होतं?’ अकाउंटवाल्यांनी विचारलं. तेही मागेच बसायचे, त्यामुळे त्यांना घाई झाली होती.

‘माझ्या सीटच्या मागं.’

‘म्हणजे त्यांच्या पायाशी,’ ते म्हणाले. ‘मी बोलणार नव्हतो, पण आता बोलतो. गाडीत बसल्यावर त्या बाईंचे ओठ हलत असतात. तोंडातल्या तोंडात काहीतरी चालू असतं. मी शेजारी बसतो, मला दिसतं. विचारलं तर तोंड उघडत नाहीत. आणि पहिल्या दिवशी गाडीला सुंदर म्हणाल्या नि संध्याकाळी पंक्चर. त्यात कोकणातल्या.’

आता बोलायचं होतं. एवढंच बोलायचं होतं की, गाढवांनो, ते लिंबू माझं आहे. वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं ना! का ठेवता लिंबू? मला ओकारी येते म्हणून. मग ते कंपनीत जाणार, कॅन्टीनमध्ये जाणार, प्रेस शॉपमध्ये जाणार. मी कुणावर ओरडलो की पाठीमागून कुणीतरी ओकल्याचा आवाज काढणार. मला पोरं माहीत आहेत. मी तोंड मिटून बसलो. खिशात त्या दिवशीचं ताजं लिंबू होतं, ते मुठीत दाबून धरलं.

मोशी आली. ताई स्टॉपवर होत्या, नेहमीच्या जागी, जरा पुढे येऊन. गाडी दिसली तसा त्यांनी हात केला. मालकाने वेग कमी केला नाही. पुढची डावी सीट म्हणजे फुटपाथच्या अगदी जवळची. माझी काच बोटभर उघडी होती. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांना वाटलं असावं, पुढे जागा बघून थांबवतायत; त्या हसून दोन पावलं चालल्यासुद्धा. मग आरशात त्यांचा हात तसाच वर राहिलेला दिसला.

इंद्रायणीच्या पुलावर मालकाने रेडिओ लावला.

त्या दिवशी ताई उशिरा आल्या. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. चाकणच्या चौकात बस सोडून चालत येत असणार. साडीचा काठ धुळीने भरलेला असायचा. मालकाने त्यांना फोनवर सांगितलं होतं की गाडीत आता जागा नाही, घरचं कुणीतरी येतं. आणि आम्ही तिघे मागची अर्धी सीट रिकामी घेऊन त्यांच्यासमोरून जात होतो. पुढे पुढे त्या हात करायच्या थांबल्या. गाडी आली की मोबाइलमध्ये बघायच्या. मला ते हात करण्यापेक्षा जास्त लागायचं.

एकदा हातमोज्यांसाठी मला स्टोअरमध्ये जावं लागलं. शॉपमधल्या एखाद्या पोराला पाठवणार होतो, पण सही माझी लागत होती. ताईंनी मोजे काढून दिले आणि हळूच विचारलं, ‘सर, माझं काही चुकलं का? तुम्ही मोठे आहात म्हणून विचारते.’

आणि मी काय केलं असेल? ओरडलो. ‘मला काय विचारता? गाडी काय माझ्या बापाची आहे?’ स्टोअरमधले सगळे वळून बघायला लागले. त्या ‘सॉरी सर’ म्हणाल्या. त्या सॉरी म्हणाल्या! मी मोजे घेऊन निघालो आणि माझी मलाच किळस आली.

त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरचा माणूस गेटवर ताईंना थांबवून बोलताना दिसला. आजूबाजूला माणसं होती, त्याला त्याचं काही नव्हतं. ‘रोजचं लेट चालणार नाही, ताई. या महिन्याअखेर कॉन्ट्रॅक्ट बदलतंय, नवी यादी मीच देणार आहे. असंच राहिलं तर तुमचं नाव काय म्हणून घालू?’ त्या मान खाली घालून उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारून गेलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही, याचं मला बरं वाटलं. अशी माझी लायकी.

घरी जेवायला बसलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. ‘अहो, पण टाचणी तर मी टोचलीय. त्या बाईवर माझ्या लिंबाचा आळ? मी येते उद्या नाशिक फाट्याला. मी सांगते त्या मालकाला.’

‘तू नको येऊ.’

‘मग तुम्ही सांगा. पोरीच्या तोंडचा घास जाईल आणि तुम्ही मिशा सांभाळत बसा.’ ती आयुष्यात माझ्याशी अशी बोलली नव्हती. पोळी करपली तरी तिने काढली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो तो बोलतच. ‘मालक, ते लिंबू माझं होतं. मला गाडी लागते. लहानपणापासून लागते.’

मालकाने माझ्याकडे बघितलं, मग आरशात अकाउंटवाल्यांकडे. आणि दोघंही हसले. चेष्टेने नव्हे, अगदी मायेने हसले, तेच वाईट.

‘दादा, तुमी मनानं लई मोठं,’ मालक म्हणाला. ‘त्या बाईंची नोकरी वाचावी म्हनून तुमी सोतावर घेताय.’

‘अरे खरंच सांगतोय! माझ्या वरातीत गाडी थांबवली होती.’

‘दादा, बास,’ अकाउंटवाले डोळे पुसत म्हणाले. ‘तुम्ही आणि मुंडावळ्या लावून... तुम्हाला गाडी लागते! अहो, तुम्हाला बघून गाडीला माणूस लागेल.’

खिशातलं लिंबू काढून दाखवलं. मालक म्हणाला, ‘ते तर तुमी आज घेऊन आलाय, पुरावा म्हनून. मला कळतंय, दादा.’ आयुष्यभर ज्या रुबाबासाठी मेलो, तोच आता छातीवर बसला होता.

मला असा संताप आला म्हणता! म्हटलं, ‘गाडी बाजूला घे. घे म्हणतो ना!’ भोसरीच्या अलीकडे गाडी थांबली. मी लिंबू बाहेर फेकलं, बुडाखालचा पेपर फेकला आणि मागे जाऊन मधोमध बसलो. ‘सगळ्या काचा वर. एसी लाव. आणि ती मोगऱ्याची डबी दे इकडे. मोशीपर्यंत मला काही झालं नाही, तर मी खोटा. झालं, तर तू मोशीला थांबायचंस आणि ताईंना गाडीत घ्यायचंस. आईला मी येऊन सांगतो.’

‘दादा, कशाला...’

‘चल!’

आणि निघालो. भोसरीचा ट्रॅफिक होता, ब्रेक होते, मोगरा नाकाशी होता. आणि तुम्हाला सांगतो, मला काही म्हणजे काही होईना! नको तेव्हा, नको तिथे, चारचौघांत आयुष्यभर जी ओकारी आली, ती आज बोलावली तर फिरकेना. डोकं शांत, पोट शांत, उलट भूक लागल्यासारखं वाटायला लागलं. अकाउंटवाले माझ्या मांडीवर थोपटून म्हणाले, ‘राहू द्या, दादा. भावना पोचली.’ मोशी जवळ येत होती. मला रडू येईल की काय असं झालं. देवाला कुणी कधी असं साकडं घातलं नसेल: एकदा ओकू दे. फक्त एकदा. आज.

मग मी मोबाइल काढला, मान खाली घातली आणि बारीक अक्षरातलं काहीतरी वाचायला लागलो. प्रॉडक्शनचा रिपोर्ट होता. डबी अगदी नाकपुडीला लावली. दोन-तीन ओळी गेल्या. आणि कानामागे घाम फुटला. तोंडात पाणी सुटलं. मी ओरडलो, ‘थांबव!’

मालकाने मोशीच्या स्टॉपवरच ब्रेक दाबला. मी अकाउंटवाल्यांना तुडवत बाहेर पडलो आणि दोन पावलांवर, बसच्या रांगेसमोर, गुडघ्यांवर हात टेकून सगळं बाहेर काढलं. सकाळचे पोहे, चहा, सगळं. रांगेत कोण कोण होतं ते मला खालूनही कळत होतं. आमच्या शॉपमधली पोरं होती; त्यांचे सेफ्टी शूज ओळखले मी. त्यातला एक म्हणाला, ‘अरे, साहेब!’ कुणीतरी शूटिंग करायला लागलं असावं, कारण दुसऱ्याने त्याला शिवी दिली. धरणी दुभंगावी आणि मी आत जावं, असं झालं. आणि अजून थांबत नव्हतं.

तेवढ्यात कपाळावर एक हात आला. थंड, घट्ट. आपल्याकडे पोराला ओकारी होते तेव्हा आई धरते तसं माझं कपाळ कुणीतरी धरलं, आणि दुसरा हात पाठीवरून फिरत होता. ‘येऊ द्या. दाबू नका. येऊ द्या सगळं.’ ताई होत्या.

थांबल्यावर त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं. मी चूळ भरली, मिशा धुतल्या. मग त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढली आणि माझ्या तळहातावर आवळासुपारीचे दोन तुकडे ठेवले. ‘गालात धरून ठेवा. चावू नका. आधी सांगूक काय झाला होता तुमका?’ घाईत त्यांच्या तोंडून घरची बोली आली. ‘मला पण लागते ना गाडी. मागच्या सीटवर तर जास्तच. मी मोशीपासून कंपनीपर्यंत ही गालात घोळवत बसायची. तोंड उघडलं की संपलंच, म्हणून बोलायची नाही कुणाशी. म्हटलं, पुढची सीट तर सरांची, मागायची कशी?’

मालक गाडीतून उतरून शेजारी उभा होता. त्याने ते ऐकलं. अकाउंटवाल्यांनीही ऐकलं, ते काचेपलीकडे वळून बघायला लागले.

‘ताई,’ मालक म्हणाला, ‘बसा गाडीत. म्हंजे... घरचं कुनी येत न्हाई आता. जागा झालीय.’ आणि त्याने पुढचं दार उघडून धरलं.

तिथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. त्यांना सीट मिळाली होती, तीही पुढची. पण ज्या हाताने माझं कपाळ धरलं होतं तो अजून ओला होता, आणि मला गप्प बसण्याचाही कंटाळा आला होता. मी सांगितलं. ‘जागा होतीच, ताई. माझं लिंबू गाडीत पडलं होतं, टाचणी टोचलेलं. यांना वाटलं, तुम्ही ठेवलं, काहीतरी करणी म्हणून. म्हणून थांबत नव्हते.’

त्या रागावल्या नाहीत. फक्त नीट समजून घेतल्यासारखं विचारलं, ‘म्हणजे त्या पहिल्या दिवशी, मी हात केला तेव्हा, तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘तुम्ही माझ्याकडे बघितलंत.’

‘हो.’

त्यांनी डबी पर्समध्ये ठेवली, चेन लावली. मालकाने उघडून धरलेल्या दाराला वळसा घातला, मागचं दार उघडलं आणि आपल्या जुन्या जागेवर, खिडकीशी जाऊन बसल्या. त्यांना वेळेवर पोचायचं होतं. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, ‘दादा, चला, बसा पुढं.’ मला त्या सीटकडे बघवेना. ‘तुम्ही व्हा पुढे. मी बसने येतो,’ म्हटलं. गाडी निघाली.

मागून बस आली. पोरांनी मला आधी चढू दिलं, एकाने खिडकी रिकामी करून दिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आवळासुपारी गालात होती. पुढे चिंबळी फाट्याला नेहमीसारखं सगळं तुंबलं, आणि आमची बस सरकत सरकत मालकाच्या गाडीच्या बरोबर शेजारी येऊन थांबली. वरून सगळं दिसत होतं. पुढची सीट रिकामी होती. मागे ताईंचा गाल किंचित हलत होता. त्यांनी सहज वर बघितलं, आणि मी, काही विचार न करता, खिडकीतून हात केला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग गाडी पुढे गेली.